पात्रता लग्नावर की गरजेवर?

सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यात जावळी तालुक्याचे तहसील कार्यालय आहे. तालुक्यातली एखादी बाई निराधार अनुदानाचा अर्ज घेऊन तिथे जाते, तेव्हा तिची गरिबी जितकी तपासली जाते तितकीच तिच्या लग्नाची हकिगतही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया बसतात. अविवाहित स्त्रीही बसते, पण तिने वयाची ३५ वर्षे ओलांडलेली असावी लागतात. विधवेला ही अट नाही. समजा, बामणोलीकडच्या एका गावात तिशीच्या दोघी शेजारणी रोजाने शेतावर जातात. मजुरी सारखी, घरची ओढाताणही सारखी. त्यांतली विधवा आज अर्ज करू शकते. अविवाहितेने मात्र आणखी पाच वर्षे कळ काढायची. या पाच वर्षांत तिचे लग्न होईल, मग नवरा बघून घेईल, एवढाच या अटीचा अर्थ निघतो.

हेच गृहीत जुलै २०२४ पासून लागू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतही दिसते. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देणारी ही योजना विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांची नावे घेते आणि पुढे म्हणते, कुटुंबातली फक्त एक अविवाहित महिला. म्हणजे घरात दोन बहिणी बिनलग्नाच्या राहिल्या, तर एकीचाच अर्ज चालतो. दुसरी लग्न करून तशाच गरीब घरात गेली असती, तर तिचा हक्क शाबूत राहिला असता. आईवडिलांजवळ राहून त्यांचे दुखणेखुपणे काढणाऱ्या मुलीला ही वागणूक मिळावी, हे मला अन्यायाचेच वाटते.

अर्थात सगळीकडे अविवाहितच तोट्यात असतात असे नाही, आणि तसे म्हणणे खोटे ठरेल. आपल्याकडे प्राप्तिकर माणशी आकारला जातो. जर्मनीप्रमाणे नवरा-बायकोचे उत्पन्न एकत्र धरून करात सवलत देण्याची पद्धत इथे नाही. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते, तर अंत्योदयाचे ३५ किलो कार्डामागे असल्याने एकट्या माणसाच्या पदरी उलट जास्त पडते. हिंदू वारसा कायद्यात तर मृत्युपत्राशिवाय वारलेल्या, मूलबाळ नसलेल्या विवाहितेची स्वकष्टार्जित मिळकत तिच्या आईवडिलांआधी नवऱ्याकडे, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांकडे जाते. अविवाहितेची मात्र आईवडिलांकडेच. म्हणजे लग्नाला मोजमाप केले की कधी या बाजूला, कधी त्या बाजूला अन्याय होतोच.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की संसार असलेल्यांवर पोराबाळांचा भार असतो, एकट्याला कसला खर्च? मुलांचा भार खरा आहे, आणि मदत मुलांच्या संख्येवर, त्यांच्या शिक्षणावर जरूर द्यावी. पण भार मुलांचा आहे, लग्नाचा नव्हे. खोलीचे भाडे आणि वीजबिलातला स्थिर आकार माणसे किती हे विचारत नाहीत. दोघे मिळवते असले तर तो खर्च वाटला जातो, एकटीवर तो अख्खा पडतो. दुसरा आक्षेप पैशाचा: सरकारी तिजोरी सगळ्यांना पुरणार नाही. मान्य, पण मग उत्पन्नाची अट कडक करा, सगळ्यांना सारखी लावा. काटकसर नेमकी बिनलग्नाच्या बाईपासून सुरू करण्याला काय आधार आहे?

सातारा-सांगलीच्या भागाला हा प्रश्न नवा नाही. १९८०च्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात परित्यक्तांना संघटित केले, तेव्हा स्वतंत्र रेशनकार्ड ही त्यांची एक मागणी होती. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव त्याच्याच कार्डावर अडकून राहायचे, आणि कार्ड नाही म्हणजे सरकारदरबारी ती नाहीच. आज परित्यक्ता हा शब्द योजनांच्या नियमांत मानाने येतो, तो अशा बायका मोर्चे काढत राहिल्या म्हणून. अविवाहितांची अशी संघटना नाही, त्यामुळे त्यांच्यावरच्या अटी कुणाला खुपत नाहीत. निराधार योजनेतली ३५ वर्षांची आणि लाडकी बहीणमधली ‘एकच अविवाहित’ ही अट सरकारने काढून टाकावी. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. जावळीच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी विधानसभेत मांडावी.