गळाला मासा, छातीवर कॅमेरा

औंढ्याहून पवनेच्या धरणावर एकट्यानेच गळ टाकायला जायचे आणि त्याचे चित्रणही करायचे, तर कॅमेरा धरणार कोण? डोक्यावरच्या पट्ट्याने मान वळेल तसे चित्र हलते. पाहणाऱ्याला घेरी येते. आम्हांस छातीचा पट्टा बरा वाटतो. हात मोकळे राहतात, गळकाठी आणि हाती लागलेला मासा नीट दिसतो. पट्टा लाइफ जॅकेटच्या वरूनच बांधावा. कॅमेऱ्यापायी जॅकेट काढू नये. गोप्रोसारखा कॅमेरा भिजला तरी चालतो, पण पडला की बुडतो. म्हणून मागे तरंगणारा फोमचा तुकडा लावावा, शिवाय बारीक दोरीने पट्ट्याला अडकवावा. तरीही गेलाच, तर हप्ते फिटायचे राहिले असले तरी त्याच्यामागे पाण्यात उतरू नये.