घारापुरी : वारसा आणि वारसदार

मुंबईच्या अपोलो बंदरावरून निघालेली लाँच तासाभरात घारापुरी बेटाला लागते. प्रवासी पायऱ्या चढून लेणी पाहतो आणि दिवस मावळण्यापूर्वी परततो. परंतु घारापुरी म्हणजे केवळ लेणी नव्हेत. हे एक प्राचीन बंदर होते. बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. येथे क्षत्रपांची नाणी सापडली, तशीच रोमन व्यापाऱ्यांच्या मद्यकुंभांची खापरेही सापडली. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौका घेऊन ‘पुरी’ नगरीवर केलेल्या स्वारीचा उल्लेख आहे. कोकणच्या मौर्यांची ती पुरी म्हणजेच घारापुरी, असे काही संशोधक मानतात; काहींचा कौल जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे आहे.

मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरले गेले असावे. ते कोणी कोरविले, हे मात्र निश्चयाने सांगता येत नाही. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी मिळाली, त्यावरून महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या पंडितांनी त्याचे श्रेय कलचुरींना दिले. पण हे अनुमानच होय. त्याचे कारण मोठे विषादकारक आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईसह ही बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर लेण्याच्या प्रवेशद्वारावरील एक कोरीव लेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला, असे दिओगु द कौतु या पोर्तुगीज इतिहासकाराने नमूद केले आहे. तो लेख कोणालाच वाचता आला नाही आणि पुढे ती शिळाही नाहीशी झाली. एका शिळेबरोबर एवढ्या थोर शिल्पकृतीच्या निर्मात्याचे नावही बहुधा गेले.

याच्या उलट उदाहरण राजस्थानात, जयपूरच्या दक्षिणेस असलेल्या चाकसू या गावी मिळते. तेथील गुहिल राजा बालादित्याचा शिलालेख टिकला आणि देवदत्त रामकृष्ण भांडारकर या आपल्याच मराठी विद्वानाने तो वाचून प्रसिद्ध केला. म्हणून त्या राजघराण्याची वंशावळ आपल्याला कळते आणि बालादित्याने आपल्या राणीच्या स्मरणार्थ विष्णूचे मंदिर बांधले, हेही कळते. दगड टिकणे आणि तो वाचणारा मनुष्य मिळणे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच वारसा हाती येतो.

ज्या प्रचंड दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले, त्याची कथाही बोधप्रद आहे. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत मोडला. त्याचे तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणून १९१४ साली पुन्हा जुळविण्यात आले. आज तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आहे; बेटावर नाही.

आता कायद्याचे संरक्षण आहे. पुरातत्त्व खाते लेण्यांची देखभाल करते. १९८७ साली युनेस्कोने त्यांची जागतिक वारसास्थळांत गणना केली. आपल्या संस्कृतीच्या वारशाचे जतन हे संविधानाने १९७६ पासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. परंतु पहारेकरी लेण्याच्या दाराशी उभा राहतो. शेताच्या बांधावर, किनाऱ्याच्या चिखलात पडलेल्या खापराजवळ तो कोठून असणार? तेथे राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांतील मुलेच असतात. त्यांच्या घरांत समुद्राखालून आणलेली वीज २०१८ साली पोहोचली. जगाने ज्या बेटाला गौरविले, त्याच्या रहिवाशांना दिव्यासाठी इतकी वर्षे थांबावे लागले. अशा मुलांना ‘हात लावू नका’ एवढेच सांगून वारसा त्यांचा होत नाही.

मग त्यांना काय शिकवावे? पहिली गोष्ट, सापडलेली वस्तू उचलू नये. जागेची नोंद करून जाणत्यास कळवावे. खापर कोठे आणि कोणत्या थरात पडले होते, यावरच त्याचा काळ ठरतो. खिशात घातलेले खापर मुके होते. दुसरी गोष्ट, पाहण्याची शिस्त. जवळजवळ तीन पुरुष उंचीच्या त्या भव्य मूर्तीला लोक ‘त्रिमूर्ती’ म्हणून ब्रह्मा, विष्णू, महेश समजतात. वस्तुतः तो सदाशिव आहे : मध्ये शांत तत्पुरुष, आपल्या डाव्या हातास उग्र अघोर, उजव्या हातास कोमल वामदेव. हे मुलाने स्वतः रेखाटून पाहिले, तर तो प्रवाशाला ठराविक पाठ म्हणून दाखविणार नाही; समजून सांगेल. तिसरी गोष्ट, दगडाचे आयुष्य. झिरपणारे पाणी आणि खारी हवा त्याला कशी झिजवितात, हे कळलेला मुलगा भिंतीवर नाव कोरणाऱ्याचा हात आपणहून धरील.

सोमवारी लेणी प्रवाशांना बंद असतात. खात्याच्या अनुमतीने आणि देखरेखीखाली त्यांतले काही सोमवार शाळेच्या पाठासाठी मिळाले, तर याहून चांगला वर्ग कोणता? शिवाय या ज्ञानातून मार्गदर्शकाचे सन्मानाचे काम मिळाले, तर तरुणांना पोटासाठी बेट सोडावे लागणार नाही.

श्रोतेहो, आपल्याही गावच्या वेशीवर एखादा वीरगळ किंवा पुसट लेख असेल. मुलाचा हात धरून त्याला तेथे न्यावे. घारापुरीचा लेख वाचणारा तेव्हा मिळाला नाही. आपल्या गावच्या लेखाला तरी तो मिळावा.