ताईची गाडी आणि विम्याचा हप्ता

गाडीत बदल करून घेतले म्हटले की डोळ्यांपुढे येतात रुंद टायर, कर्कश सायलेन्सर आणि रंगीबेरंगी दिव्यांची आरास. विमा कंपन्यांच्याही डोळ्यांपुढे तेच येत असावे. त्यामुळे पायांत बळ नसलेल्या माणसाने हातांनी चालवता यावी म्हणून बदलून घेतलेली गाडीही त्याच रांगेत उभी केली जाते आणि हप्ता वाढवून सांगितला जातो. वास्तविक अशा गाडीचा विमा स्वस्तात पडावा, अशी तरतूद आपल्याकडे बऱ्याच वर्षांपूर्वी झाली आहे. पण ती कोणी आपणहून सांगत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला बालपणीच पोलिओ झाला. साताऱ्यात शिक्षिकेची नोकरी करताना ती कित्येक वर्षे बाजूला दोन चाके जोडलेल्या स्कूटरवर शाळेत गेली. तिकडचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातले हाल वेगळे सांगायला नकोत. २०१६ साली तिने गिअर न बदलावे लागणारी एक छोटी गाडी घेतली आणि पुण्यात तिला हातांनी चालवायचे किट बसवून घेतले. स्टिअरिंगखाली एक दांडा असतो. पुढे ढकलला की ब्रेक लागतो, आपल्याकडे ओढला की वेग येतो. मूळचे पायाखालचे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर जागच्या जागी राहतात, त्यामुळे वेळप्रसंगी मीही ती गाडी चालवतो. किट निवडताना पुण्याच्या एआरएआय या संस्थेचे प्रमाणपत्र तेवढे आम्ही आवर्जून पाहिले, आणि पुढे त्या कागदाचा फार उपयोग झाला.

पहिली काही वर्षे विमा शोरूममार्फतच उतरवला जाई. २०२३ मध्ये शोरूमने ते काम थांबवले आणि नवी कंपनी शोधण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या कंपनीने "बदल केलेली गाडी आम्ही घेत नाही" असे सांगून फोन ठेवला. दुसरीने स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे नऊ हजार दोनशे रुपये सांगितले. तिसरीकडे भलताच प्रकार झाला. आमच्या आरसी बुकात गाडीचा वर्ग जुन्या पद्धतीने 'इनव्हॅलिड कॅरेज' असा लिहिला आहे. फोनवरच्या मुलीने ते वाचले आणि गाडीची नोंदणीच अवैध आहे, असे मला गंभीरपणे समजावले! एका एजंटाने तर सरळ सल्ला दिला, "किट काढून फोटो काढा, कशाला सांगायचे?" ताईने त्याला चहा पाजून वाटेला लावले. तिची शंका साधी होती. उद्या अपघात झाला आणि सर्व्हेअरने तो दांडा पाहिला, तर उत्तर कोण देणार? माहिती दडवली म्हणून भरपाई अडली, तर त्या वर्षीचा हप्ता पाण्यात गेला म्हणायचे.

मग मी मुळापासून वाचायला घेतले. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. दुसऱ्याला झालेल्या इजेचा, म्हणजे थर्ड पार्टीचा विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे हजार ते दीड हजार सीसीच्या खाजगी मोटारीला तो ३,४१६ रुपये होता, मग कंपनी कोणतीही असो. तिथे घासाघीस करून काही मिळत नाही. जे काही वाचायचे ते दुसऱ्या भागात, आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये अंध, अपंग आणि मतिमंद व्यक्तींसाठी खास बनवलेल्या किंवा बदललेल्या वाहनांना याच भागात पन्नास टक्के सूट लिहिलेली होती. अशा व्यक्तींची सेवा करणाऱ्या संस्थांच्या वाहनांनाही ती होती. अट एकच, आरसी बुकात तशी नोंद हवी. २००७ पासून या भागाचे दर कंपन्यांवर सोपवण्यात आले, म्हणून सूट किती ते कंपनीगणिक विचारावे लागते. पण विचारताना 'आयएमटी बारा' हा जुन्या टॅरिफमधला कलमाचा क्रमांक उच्चारला की समोरच्या माणसाचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

नोंदीचे महत्त्व कायद्यातूनच आले आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मात्र दिव्यांगांसाठी बदललेल्या वाहनाची 'ॲडॅप्टेड व्हेईकल' अशी स्वतंत्र व्याख्या केली आणि असा बदल आधी करून मंजुरी नंतर घेण्याची मुभा दिली. हौसेखातर सायलेन्सर बदलणाऱ्याला ही मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. गॅसवर चालणाऱ्या गाडीलाही नोंद लागतेच. जुन्या टॅरिफप्रमाणे सीएनजी किटच्या किमतीवर चार टक्के जादा हप्ता धरला जाई. तीस हजारांच्या किटला बाराशे रुपये. ते वाचवायला जाऊन किटच विम्याबाहेर ठेवणारे महाभाग आमच्याच गल्लीत आहेत.

चौथ्या कंपनीला मी फोन केलाच नाही. आरसी बुक, किटचे प्रमाणपत्र, बेचाळीस हजारांची पावती आणि ताईचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडून लेखी पत्र दिले. किटची किंमत गाडीच्या विमा रकमेत वेगळी दाखवावी आणि सवलत द्यावी, असे त्यात लिहिले. पहिले पाच हजार रुपये नुकसान आम्हीच सोसू, अशी ऐच्छिक वजावटही स्वीकारली. त्यानेही हप्ता थोडा उतरतो. आठ दिवसांनी उत्तर आले. नऊ हजार दोनशेच्या जागी चार हजार तीनशे, आणि किटही विम्यात धरलेले. उत्तर आले नसते तर महिनाभर थांबून आम्ही विमा लोकपालांकडे जाणार होतो. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे आणि तक्रारीला शुल्क पडत नाही.

पुढच्या नूतनीकरणाला संगणकाने ती सवलत गुपचूप गाळली. या वेळी फोन ताईनेच केला आणि शाळेत वापरते त्याच आवाजात कलमाचा क्रमांक दोनदा सांगितला. तिसऱ्या दिवशी दुरुस्त पॉलिसी घरी आली. तिच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक गाडीच्या कप्प्यात आहे, एक माझ्या फायलीत, आणि तिसरी कऱ्हाडच्या एका मुलीला दिली. तिची गाडी सध्या पुण्यात किट बसवायला गेली आहे.