श्वापदांच्या मुलखांतून पायीं

हिमालयांतील तपकिरी अस्वलांच्या मुलखांत पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्यांचे वृत्तांत हल्लीं घरोघर वाचले जातात, आणि आपल्या धाराशिवसारख्या कोरड्या जिल्ह्यांतील मुलांनाहि तशा भटकंतीची हौस वाटूं लागते. हौस चांगली आहे. मात्र ज्या रानांत जावयाचें तेथील यजमान कोण, हें आधीं जाणून घेतलें पाहिजे.

तपकिरी अस्वल हें थंड उंचीवरचें जनावर. झाडें संपतात त्याच्याहि वरच्या कुरणांत तें कंदमुळें उकरून खातें आणि हिवाळा गुहेंत निजून काढतें. महाराष्ट्रांत तें नाहीं. आपलें अस्वल काळें, झिपरें व बारमाही जागें. १७९१ सालीं जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें त्याची गणना चक्क झाडाला लोंबकळणाऱ्या 'स्लॉथ' नामक आळशी प्राण्यांत केली होती. इंग्रजींत तें नांव त्याला अजून चिकटलेलें आहे. आळशी तें मुळींच नाहीं. वारुळांत तोंड खुपसून फूत्कार करीत तें वाळवी ओढून घेतें, आणि त्यासाठीं निसर्गानें त्याच्या वरच्या जबड्यांतील मधले दोन दात ठेवलेलेच नाहींत. त्या उद्योगांत त्याला दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं, दृष्टीहि मंदच. अशा वेळीं माणूस दहा पावलांवर येऊन ठेपला, कीं पळण्याऐवजीं तें पुष्कळदां अंगावरच येतें. विदर्भांत पहाटे मोहाचीं फुलें वेंचावयास जाणाऱ्या गरिबांवर जे हल्ले होतात, त्यांतील अनेकांचें मूळ हेंच. म्हणून अस्वलांच्या रानांत बोलत, काठी आपटीत चालावें. तेथें मौन हा शिष्टाचार नव्हे.

बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्य अशा अस्वलांसाठीं प्रसिद्ध आहे. २०१९ सालीं तेथें एक अनपेक्षित पाहुणा आला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला तो तरुण वाघ पांच महिन्यांत सुमारें तेराशें किलोमीटर चालला होता. गळ्यांत रेडिओ-पट्टा असल्यामुळें त्याची वाट कळली. असले नर दोनएक वर्षांचे झाले कीं आईची हद्द सोडतात, कारण जुने नर त्यांना टिकूं देत नाहींत. दिवसा ओढ्याच्या झुडपांत किंवा उंच पिकांत पडून राहावयाचें आणि रात्रीं चालावयाचें, असा त्यांचा प्रवास.

त्याच टिपेश्वरचा दुसरा एक तरुण नर डिसेंबर २०२४ मध्यें आपल्या येडशीच्या रामलिंग घाटांत कॅमेऱ्यानें टिपला. प्रत्येक वाघाचे पट्टे आंगठ्याच्या ठशाप्रमाणें निराळे असतात. त्यावरून त्याचें माहेर ओळखलें गेलें. सुमारें पांचशें किलोमीटर चालून तो आला, आणि वाटेंतल्या बहुतेक गांवांना त्याचा पत्ताहि लागला नाहीं! श्रोत्यांपैकीं ज्यांनीं रामलिंग पाहिलें असेल, त्यांना तेथील श्रावणांतील रीघ ठाऊकच आहे. अभयारण्य अवघें २२ चौरस किलोमीटरांचें. नर वाघाला याहून कितीतरी मोठें क्षेत्र लागतें. तेव्हां तो भोंवतालच्या शिवारांत उतरणारच. गुरें मारल्याच्या तक्रारी झाल्या, २०२५ च्या आरंभीं वनखात्यानें त्याला पकडून सह्याद्रींत नेण्याचे प्रयत्न केले, पण तो सहजासहजीं हातीं लागला नाहीं. हौशी प्रवासी घरीं बसूं शकतो. रात्रीच्या विजेवर रब्बीला पाणी देणारा शेतकरी बसूं शकत नाहीं, आणि त्याच्या भीतीला शहरांत कोणी हंसूं नये.

वाघाच्या रानांत जावयाचें तर ऊन चढल्यावर निघावें व दिवेलागणीपूर्वीं परतावें. तिघांचौघांनीं मिळून चालावें, मुलें मध्यें असावींत. उंच गवतांत वांकून किंवा उकिडवें बसूं नये. बसलेला माणूस लांबून चतुष्पादासारखा दिसतो. वाघ समोर आलाच तर धांवूं नये, पाठ न फिरवतां हळूहळू मागें सरावें. ताजें मारलेलें जनावर दिसलें तर कुतूहलानें जवळ जाऊं नये, कारण त्याचा धनी बहुधा फार लांब गेलेला नसतो. आल्या वाटेनेंच परतावें व वनरक्षकास कळवावें.