जुन्या गाड्यांची निगा : ब्रेक पॅडचा सेन्सर

ब्रेक पॅडचा सेन्सर म्हणजे प्लास्टिकच्या बोंडात बसवलेली तार. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो झिजून 3 मिलिमीटरच्या आसपास आला की फिरती डिस्क बोंडाला घासते, प्लास्टिक खात तारेपर्यंत पोहोचते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

हा दिवा लागण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पोर्शे आणि बीएमडब्ल्यूच्या जुन्या गाड्यांत तारेची पूर्ण कडी असते. ती तुटली की दिवा लागतो. जुन्या मर्सिडीजमध्ये बहुधा एकच तार असते. ती डिस्कला टेकली की अर्थिंग मिळते आणि दिवा लागतो. गाडी जुनी झाली की हा फरक महत्त्वाचा ठरतो. पहिल्या प्रकारात वायर कुठेही तुटली तरी दिवा लागतो, म्हणजे उगीच का होईना, इशारा मिळतो. दुसऱ्यात वायर तुटली तर पॅड संपले तरी दिवा लागत नाही. जुन्या मर्सिडीजचा कधीच न लागणारा दिवा म्हणूनच जास्त संशयास्पद.

जेएनपीए बंदराजवळच्या जासईसारख्या ठिकाणी वायरिंग लवकर हार खाते. खाडीकडची खारी हवा, पावसाळा आणि बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरांची धूळ यांचा मारा चाकामागच्या कपलरवर सतत होतो. आतल्या पिना हिरव्या पडतात. ब्रेकच्या उष्णतेने कडक झालेले वायरचे आवरणही स्टिअरिंग वळवताना तडकते.

कडीच्या सेन्सरची परीक्षा सोपी आहे. कपलर सोडवून सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर लावावा. रोध जवळजवळ शून्य आला तर सेन्सर शाबूत, काहीच वहन नसेल तर तो कापला गेलेला. मग गाडीकडच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडून पाहाव्यात. दिवा विझला तर दोष त्या चाकाच्या सेन्सरात; तसाच राहिला तर दुसऱ्या चाकात किंवा पुढच्या वायरिंगमध्ये. चारही चाके एकाच मंडलात असतील तर दिवा कोणते चाक ते सांगत नाही, एकेक तपासावे लागते.

दोन वायरी पिळून सेन्सर कायमचा ‘डायरेक्ट’ करून टाकण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते. सुटा भाग मिळेपर्यंत ती चालेल, पण तोवर पॅड डोळ्यांनी मोजत राहणे आले. तसे तर सेन्सर धड असतानाही ते मोजावेत. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत सेन्सर पुढच्या एका आणि मागच्या एका चाकालाच असतो, तोही आतल्या पॅडवर. विरुद्ध बाजूच्या कॅलिपरची पिन गंजून अडकली तर तिथले पॅड पत्र्यापर्यंत झिजले तरी दिवा गप्प. पोर्शेच्या 986 बॉक्स्टरमध्ये मात्र प्रत्येक चाकावर आतल्या-बाहेरच्या दोन्ही पॅडना बोंडे आहेत.

पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि टाकीतले ब्रेक ऑइल खाली जाते. गळती नसताना पॅड न पाहताच ऑइल भरले, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर ते उतू जाते आणि रंग खाते.

पॅड एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत. जुन्या सेन्सरचे नुसते प्लास्टिक घासले असेल तर तो पुन्हा बसवता येतो. तांबे दिसू लागले असेल तर नवाच घ्यावा. वायर मूळच्या क्लिपांतूनच न्यावी आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ती चाकाला लागत नाही ना, हे पाहावे.