रिकामा परतलेला पाट

ज्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाद्रपद शुद्ध चतुर्थीला श्रींची पार्थिव मूर्ती बसते, त्या घरातील माणसांस त्या दिवशी रिकामे मखर पाहणे किती जड जाते, हे अनुभवावाचून कळावयाचे नाही. आमच्या घरी तो प्रसंग काही वर्षांपूर्वी आला. आणि तो कोणत्याही अशुभाने नव्हे, तर घरात पाळणा हलल्यामुळे आला.

सूनबाईंचे दिवस भरत आले होते. नऊ वर्षांची नात व सहा वर्षांचा नातू अंगणात खेळत असता हे तिसरे अपत्य. घरात गर्भवती असली की मूर्तीचे विसर्जन करू नये, अशी एक रूढी आहे. तिला शास्त्राधार नाही, असे पंचांगकर्ते सांगत आले आहेत, तरी शेजारणींचा आग्रह सुटेना. हा वाद चालू असतानाच हरितालिकेच्या पहाटे सूनबाईंना कन्यारत्न झाले आणि वादाचे कारणच उरले नाही. घरात सोहेर आले.

जननाशौच, म्हणजे आपण ज्याला सोहेर किंवा वृद्धी म्हणतो ते, दहा दिवसांचे. त्यात गणेशाची स्थापना करावयाची नाही, आणि सोहेर फिटल्यावर मागाहूनही नाही. त्या वर्षापुरता लोप करावा, हा निर्णय पंचांगात वाचावयास मिळतो. उपाध्यायांनीही तेच सांगितले. मुंबईस आमच्या धाकट्या बंधूंच्या घरीही त्यामुळे गणपती आला नाही. बाळाच्या जन्माची वार्ता कळवताना आमचा स्वर आनंदाचा असावा की अपराध्याचा, हे आमचे आम्हालाच समजेना.

श्रावणात नातवाने स्वतः डोक्यावर पाट घेऊन मूर्तिकाराकडे नेला होता. तोच पाट आता रिकामा परत आणावयाचा होता. त्याच्यासाठी रंगवून ठेवलेली मूर्ती दुसऱ्या घरी गेली. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. घरी येऊन पाट भिंतीशी उभा केला आणि आजीला म्हणाला, "बाळाला दवाखान्यातच राहू दे. आपण गणपती आणू."

आमच्या सौभाग्यवतींना हसावे की रडावे कळेना. मखर झाकताना त्यांचेही डोळे भरून आले होतेच. परंतु त्यांनी पोराला रागावले नाही. त्याला कुशीत घेऊन त्यांनी शिवपुराणातील कथा सांगितली. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली. कार्तिकेय खरोखरच पृथ्वीभोवती निघाला. गणपतीने आईवडिलांना प्रदक्षिणा घातली आणि पैज जिंकली. आपण बहुतेक इथेच थांबतो आणि गजाननाच्या बुद्धीची तारीफ करतो. पण पुढे काय झाले? कार्तिकेय रुसून क्रौंच पर्वतावर निघून गेला. तो परत येईना, तेव्हा शिवपार्वती स्वतः त्याच्याकडे गेली. तो आणखी दूर सरकला. तरी मातापित्यांनी ती जागा सोडली नाही. श्रीशैलावरील मल्लिकार्जुन तो हाच. अमावास्येला शंकर आणि पौर्णिमेला पार्वती आपल्या रुसलेल्या पुत्राला भेटावयास जातात, असे पुराण सांगते.

"म्हणजे आई येईल माझ्याकडे?" एवढेच त्याने विचारले.

सूनबाई बाळाला घेऊन आल्या त्या पाचव्या दिवशी. शेजारीपाजारी गौरींचे आवाहन चालले होते, उंबऱ्यापासून कुंकवाची पावले उमटत होती. आमच्या दारी मात्र भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बाळबाळंतिणीस आत घेतले. खाटेवर बसताच त्यांनी बाळ आजीच्या मांडीवर दिले आणि हाक मारली ती नातवाला.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गणपती-गौरींचे दिवस म्हणजे एकवीस मोदक, पुरणपोळ्या, पाहुणे आणि पंगती. सोहेर नसते, तर पाचव्या दिवशीची बाळंतीण चुलीपाशी नाही तरी नारळ खवावयास बसलीच असती. आपल्या घरांची रीत आम्हांस ठाऊक आहे. शास्त्रकारांचा हेतू सांगण्याचा आमचा अधिकार नाही, परंतु त्या वर्षी सगळ्या घराला दुसरे कामच नव्हते. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, ओव्याची धुरी, सारे वेळच्या वेळी झाले. नातीच्या वेळी आणि नातवाच्या वेळी ते तसे झाले नव्हते, हे सौभाग्यवतींनीच कबूल केले.

सोहेरात नित्याची देवपूजा थांबते, पण पाचवीची पूजा सोहेरातच होते. रात्री पाट्यावर सटवाई मांडली. शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवली. सटवाई येऊन बाळाच्या ललाटी लेख लिहिते, हे ऐकल्यावर नातवाने आपली पेन्सिल टोक काढून तिथे ठेवली. न जाणो, लेखणी चालली नाही तर! मग हळूच आजीला म्हणाला, "हिच्या वाढदिवसाला पुन्हा सोहेर येते का गं?" येत नाही म्हटल्यावर तो निश्चिंत झाला आणि जागरणाची प्रतिज्ञा विसरून आईच्या पायथ्याशी झोपी गेला.

बारावा दिवस अनंतचतुर्दशीचा आला. बाहेर विसर्जनाच्या मिरवणुकीचे ताशे वाजत होते आणि आत पाळण्यात आधी झबले-टोपडे घातलेला वरवंटा, मग बाळ निजवले. आत्याने कानात नाव सांगितले: गौरी. नातू ताशे ऐकून दाराशी गेला, क्षणभर उभा राहिला, आणि परत येऊन त्याने पाळण्याची दोरी धरली.

पुढल्या श्रावणात पाट मूर्तिकाराकडे त्यानेच नेला. गौरी तेव्हा अकरा महिन्यांची होती. तिला कडेवर घेऊन आम्ही मागोमाग चाललो होतो, आणि तो दर दहा पावलांवर थांबून, पाट सावरीत, आम्ही येतो आहोत ना हे वळून पाहत होता.