अंगणातला जिल्हा आणि उंचीचे प्रमाण

रत्नागिरीजवळच्या एका माध्यमिक शाळेने आपल्या मागच्या अंगणात रत्नागिरी जिल्ह्याचा उठावाचा नकाशा तयार केला आहे. तो पाहण्यासाठी आम्हांला बोलावणे आले. लाल माती, जांभ्याच्या चिपा आणि थोडे सिमेंट वापरून मुलांनी नऊ मीटर लांबीचा जिल्हा उभा केला होता. पश्चिमेला निळ्या रंगाचा समुद्र, मध्ये सडे, त्यांतून वाट काढणाऱ्या वाशिष्ठी, शास्त्री, काजळी आणि मुचकुंदी या नद्या आणि पूर्वेला सह्याद्री. मंडणगडाहून राजापूरला जायला दहा-बारा पावले पुरत होती.

आम्ही कौतुक करीत असतानाच आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, सह्याद्री एवढा उभा आहे, तर आंबा घाटातून एस.टी. चढते कशी?" बाकीची मुले हसली. प्रश्न मात्र हसण्याजोगा नव्हता. त्या मुलाने घाट पाहिलेला होता आणि समोरचा डोंगर त्या घाटाशी जुळत नव्हता.

आपण थोडे गणित करू. जिल्ह्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे १८० किलोमीटर आहे. ती ९ मीटरमध्ये बसवायची, तर १ सेंटिमीटरला २०० मीटर असे प्रमाण येते. याच प्रमाणात १,००० मीटर उंचीचा कडा फक्त ५ सेंटिमीटरचा होईल आणि १०० मीटर उंचीचा सडा अर्ध्या सेंटिमीटरचा. असा नकाशा दुरून सपाट अंगणासारखाच दिसेल. म्हणून शिक्षकांनी उंचीसाठी १ सेंटिमीटरला ४० मीटर असे वेगळे प्रमाण घेतले. सह्याद्री २५ सेंटिमीटरचा झाला, म्हणजे पाचपट उंचावला.

उंची पाचपट झाली आणि अंतर तेवढेच राहिले, की उतारही पाचपट होतो. २० मीटर अंतरात १ मीटर चढणारा रस्ता नकाशात ४ मीटरला १ मीटर चढू लागतो. ३० अंशांचा डोंगरउतार ७१ अंशांचा कडा बनतो. मुलाला एस.टी.ची काळजी वाटली ती यामुळे!

असे करणारे हे शिक्षक एकटे नव्हेत. काशीच्या भारतमाता मंदिरात मूर्तीच्या जागी अखंड भारताचा संगमरवरी उठावाचा नकाशा आहे. त्याचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते १९३६ साली झाले. तो घडविणारे बाबू शिवप्रसाद गुप्त यांना ही कल्पना सुचली ती पुण्यात, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमात जमिनीवर केलेला भारताचा नकाशा पाहून. कर्वे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचा जन्म खेड तालुक्यातील शेरवलीचा आणि घर दापोलीजवळच्या मुरूडचे. काशीच्या नकाशात आडवे प्रमाण १ इंचाला ६.४ मैल आणि उभे प्रमाण १ इंचाला २,००० फूट आहे. भागाकार केला, तर उंची सुमारे १७ पट वाढविल्याचे दिसते. तिथे ३० अंशांचा उतार ८४ अंशांचा होतो!

याउलट, नेदरलँड्समधील मादुरोदाम हे १९५२ साली सुरू झालेले छोटे नगर पाहा. तिथे त्या देशातल्या नामांकित इमारती, पूल आणि कालवे १:२५ या एकाच प्रमाणात केले आहेत. स्वित्झर्लंडमधील स्विसमिनिआतुर येथेही हेच प्रमाण आहे. त्यांना उंची का वाढवावी लागत नाही? कारण इमारतीची उंची आणि रुंदी एकमेकींच्या जवळपास असतात. देशाचे तसे नसते. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर, तर हिमालयाचे सर्वोच्च शिखरही ९ किलोमीटरपेक्षा कमी. १० मीटर लांबीच्या नकाशात ते तीन सेंटिमीटरचेही होणार नाही. देश ही फार पातळ वस्तू आहे.

मग उंची वाढविणे ही लबाडी म्हणायची का? तसे नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. अशा संशोधनात बंदरांच्या आणि खाड्यांच्या प्रतिकृतींना बहुधा दोन प्रमाणे दिली जातात. १:४०० या प्रमाणात ४ मीटर खोलीची खाडी १ सेंटिमीटरची होते. एवढ्या उथळ पाण्यावर पृष्ठताण आणि चिकटपणा यांचा अंमल चालतो. खऱ्या खाडीसारखे ते वाहत नाही. म्हणून खोलीसाठी, समजा, १:१०० प्रमाण घेतात. भरतीच्या लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. तो १० पट कमी होतो, अंतर ४०० पट कमी होते, म्हणजे वेळ ४० पट कमी लागतो. १२ तास २५ मिनिटांचे भरती-ओहोटीचे चक्र प्रतिकृतीत सुमारे १९ मिनिटांत पुरे होते. संशोधक आपला बदल आधी मांडतो आणि प्रत्येक निष्कर्षातून त्याचा हिशेब वजा करतो.

शाळेच्या नकाशावर नेमके हेच लिहायचे राहिले होते. आम्ही शिक्षकांना सुचविले, की एक पाटी लावा: 'उंची पाचपट वाढविली आहे.' आणि शेजारी पुठ्ठ्याची एक पट्टी ठेवा. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून आंबा घाटापर्यंत सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर अंतर आहे. त्याचा छेद दोन्ही दिशांना एकाच प्रमाणात कापायचा. मुलांनी लगेच काम सुरू केले. अडीच मीटर लांबीच्या पट्टीवर घाटमाथा चार सेंटिमीटरही भरला नाही. प्रश्न विचारणारा मुलगा डोळा पट्टीच्या पातळीवर आणून पाहत राहिला.

मग एका मुलीने चिपळूणपासून दाभोळपर्यंतची पट्टी मागितली. तिचे आजोळ चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आजीच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला होता. नकाशावर तांब्याभर पाणी ओतले, की ते वाशिष्ठीतून झरकन समुद्रात जाई. मग खरे पाणी तुंबले का, हे तिला कळत नव्हते. दाभोळचा समुद्र सरळ रेषेतही तीस किलोमीटरहून दूर, म्हणजे पट्टीची लांबी दीड मीटरपेक्षा अधिक. चिपळूणची बाजारपेठ मात्र समुद्रसपाटीपासून थोड्याच मीटरवर. १० मीटर उंची धरली, तरी पट्टीवर अर्धा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेएवढी! भरतीचे पाणी खाडीतून गोवळकोटपर्यंत येते. पुराला अतिवृष्टीसारखी इतर कारणेही असतात. पण एवढ्या कमी उतारावर, त्यात भरती असताना, पाणी उतरायला वेळ लागणारच.

"म्हणजे आमच्या नकाशाने उतारच लपवला," ती म्हणाली. तिने खडू घेतला आणि निळ्या समुद्रावर मोठ्या अक्षरांत दोन्ही प्रमाणे लिहिली. शिक्षकांनी ती पुसू दिली नाहीत. पुढच्या आठवड्यात ती तेलरंगात रंगवायची, असे ठरले.